प्रेग्नन्सीत शुगर होती, आता डिलिव्हरी झाली, मग परत टेस्ट काहून? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दोन्ही वेळेस मला प्रेग्नन्सीत शुगर होती. त्यामुळे नात्यातल्या, ओळखीतल्या, शेजारच्या कोणाच्या सुनेची शुगर निघाली की फोन माझ्याकडे येते, अन् प्रश्न जवळपास तेच तेच असतात, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. गोळी घ्यायची की नाही, किती घ्यायची हे तुमचे डॉक्टर सांगतील, पण टेस्ट करायला जायचं की नाही याच्यात मात्र विचार करण्यासारखं काहीच नाही, जायचंच.

डिलिव्हरीनंतर शुगर नॉर्मल आली म्हणाले. मग परत कशाला तपासायची?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येते. पोटात बाळ असताना जी वार असते ना, तिच्यातून काही हार्मोन्स निघतात आणि ते आईच्या इन्सुलिनचं काम अडवतात. म्हणजे शरीराला नेहमीपेक्षा बरंच जास्त इन्सुलिन बनवावं लागते. ज्यांचं स्वादुपिंड तेवढं बनवू शकते त्यांची शुगर नॉर्मल राहते, ज्यांचं पुरं पडत नाही त्यांची वाढते. डिलिव्हरीत वार बाहेर पडली की ते हार्मोन्स गेले, आणि बहुतेक जणींची शुगर काही दिवसांतच खाली येते. आता नागपूरच्या उन्हाळ्यात घरात कूलर, फ्रिज, पाण्याची मोटर सगळं एकाच वेळी सुरू केलं की एमसीबी पडते, आपण कूलर बंद करतो, लाईट येते, सगळं बरोबर चालते, पण वायरिंग तेवढीच कमजोर असते ना? तसंच आहे हे. प्रेग्नन्सी संपली म्हणून भार कमी झाला, पण पुरं न पडण्याची जी कमजोरी होती ती गेली नाही.

२०२० मध्ये बीएमजे या मेडिकल जर्नलमध्ये २० अभ्यास एकत्र करून १३ लाखांच्या वर बायकांची माहिती तपासली होती. ज्यांना प्रेग्नन्सीत शुगर झाली होती त्यांना पुढे टाईप २ डायबेटिस होण्याचा धोका बाकीच्या बायकांपेक्षा जवळपास १० पट निघाला. याचा अर्थ होणारच असा नाही, कितीतरी जणींना होतही नाही. पण कोणाला होऊन राहिला आहे हे बाहेरून दिसत नाही, आणि वेळेवर कळलं तर टाळायला किंवा पुढे ढकलायला भरपूर काही करता येते.

टेस्ट नेमकी कोणती आणि कधी?

पहिली तर दवाखान्यातच, डिलिव्हरीनंतर तिसऱ्या दिवशी वगैरे, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर बघतात. सरकारी गाईडलाईनमध्ये तर शुगरवाल्या आईला बाकीच्यांसारखं ४८ तासांत सुट्टी देऊ नका असं यासाठीच सांगितलं आहे. पण "नॉर्मल आली" म्हणतात ती बहुतेक हीच, आणि तिच्यावर थांबायचं नाही.

खरी टेस्ट ६ आठवड्यांनी. तिला ओजीटीटी किंवा नुसतं जीटीटी म्हणतात, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून करायची. आपल्या देशाच्या गाईडलाईनमध्ये ६ आठवडे आहे, बाहेरच्या काही गाईडलाईनमध्ये ४ ते १२ आठवडे. म्हणजे दीड महिन्यात नाही जमलं तर तीन महिन्यांच्या आत करून टाका, आणि ते पण हुकलं तर जेव्हा आठवेल तेव्हा करा.

दीड महिन्याची तारीख लक्षात कशी राहणार? लेकरू सोडून काहीच सुचत नाही.

खरं आहे, आणि माझंही असंच हुकलं, म्हणून हे जरा मोठं लिहिते.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सुरुवातीच्या तपासण्या नागपूरला झाल्या, सातव्या महिन्यात मी माहेरी गेले, डिलिव्हरी तिथल्या दवाखान्यात. सुट्टीच्या दिवशी तिथल्या ताई म्हणाल्या, "आता शुगर गेली, पथ्य सोडा, पाहिजे ते खा." दीड महिन्यानंतर परत या असं कोणी म्हटलं नाही आणि डिस्चार्ज कार्डावर पण लिहिलेलं नव्हतं. सव्वा महिन्यानं मी लेकराला घेऊन नागपूरला आले आणि माझी फाईल आईच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली राहिली. नागपूरच्या डॉक्टरांना वाटलं माहेरी बघितलं असेल, माहेरच्यांना वाटलं नागपूरला बघतील. लेकराचं वजन, लस, शी-शू सगळं वहीत लिहून ठेवत होते मी, माझ्या नावाचं एक पान नव्हतं त्या वहीत. चार वर्षांनी दुसऱ्या वेळेस दिवस राहिले, नवव्या आठवड्यात रक्त दिलं तर उपाशीपोटीची शुगर १३८. डॉक्टर म्हणाल्या, ही प्रेग्नन्सीची शुगर नाही, हा आधीपासूनचा डायबेटिस आहे. मधल्या चार वर्षांत एकदाही तपासली नव्हती.

म्हणून मी सगळ्यांना एकच गोष्ट सांगते. ज्या दिवशी लेकराची दीड महिन्याची लस, त्याच दिवशी आईची टेस्ट. पेंटाचा पहिला डोस, पोलिओ, रोटा हे सगळं ६ आठवड्यांनाच असते, आणि ती तारीख घरातलं कोणीच विसरत नाही, आजोबांना पण पाठ असते. माता बाल संरक्षण कार्डावर लसीच्या तारखेच्या बाजूला पेनानं लिहून ठेवा: आईची जीटीटी. सकाळी आधी लॅबमध्ये जाऊन ग्लुकोज प्या, दोन तास संपले की लेकराला लस द्यायला न्या. एका दिवसात होत नसेल तर आदल्या दिवशी करा, पण त्याच आठवड्यात. आणि आशाताई घरी येतात ना बाळ बघायला, त्यांची एक भेट ४२ व्या दिवशी असते, म्हणजे नेमके ६ आठवडे. त्यांना आधीच सांगून ठेवा की ताई मला शुगर होती, मला आठवण द्या.

त्या दिवशी काय काय होते? किती वेळ लागते?

अडीच तास धरून चला. रात्रीचं जेवण झालं की कमीत कमी ८ तास काही खायचं नाही, साधं पाणी चालते. चहा नाही, दूध नाही, बाळंतकाढाही नाही. आणि आधीचे तीन दिवस मुद्दाम भात-पोळी कमी करू नका, नेहमीसारखं जेवा. पुष्कळ जणी रिपोर्ट चांगला यावा म्हणून दोन दिवस नुसती भाजी खाऊन जातात, त्याने रिपोर्ट उलट चुकू शकतो.

लॅबमध्ये आधी उपाशीपोटी रक्त घेतात. मग ग्लासभर पाण्यात, साधारण ३०० मिली, ग्लुकोजची पुडी ढवळून देतात. इतकं गोड असते की दुसऱ्या घोटालाच मळमळते. पाच मिनिटांत संपवायचं, पण एका दमात गटागट पिऊ नका, थोडं थोडं प्या, थोडं लिंबू पिळून चालेल का हे लॅबवाल्यांना विचारून घ्या. दोन तास पहिल्या घोटापासून मोजायचे, घड्याळ तुम्ही पण बघून ठेवा, कारण गर्दीत पंधरा-वीस मिनिटं इकडं तिकडं होऊन जातात. थोड्याच वेळात उलटी झाली तर लगेच सांगा, त्या दिवशीची टेस्ट मग धरत नाहीत, दुसऱ्या दिवशी परत करावी लागते.

या दोन तासांत बसून राहायचं. बाजूच्या दुकानात चक्कर मारून येते म्हणू नका, चालल्याने शुगर खाली येते. लेकराला दूध पाजायला काहीच हरकत नाही, बिनधास्त पाजा. सोबत आई, सासू, नवरा कोणीतरी असू द्या, आणि टेस्ट झाल्या झाल्या खायला डब्यात उपमा नाहीतर पोळी-भाजी न्या, चक्कर येत नाही मग. एप्रिल-मे असेल तर ८ वाजताच पोचा, ११ नंतर लेकरू घेऊन बाहेर निघायची आपल्याकडे सोय नसते.

पोटुशी असताना तर जेवून गेली होती तरी ग्लुकोज दिलं. आता उपाशी काहून?

बरोबर ओळखलं. प्रेग्नन्सीत आपल्याकडे जी तपासणी करतात ती जेवण झालं असो नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी एकदाच रक्त घेतात, आणि १४० किंवा वर आलं की शुगर आहे म्हणतात. लांबून येणाऱ्या बाईला उपाशी थांबवायला नको, दुसऱ्या दिवशी परत बोलवायला नको, म्हणून ती सोय. डिलिव्हरीनंतर मात्र उपाशीपोटीचा आकडा पण पाहिजे असतो. आणि आकड्यांचे अर्थही बदलतात. इथं पुष्कळ जणींचा गोंधळ होते.

मग रिपोर्ट कसा वाचायचा?

उपाशीपोटी १०० च्या आत आणि दोन तासांनी १४० च्या आत, म्हणजे नॉर्मल.

दोन तासांनी १४० ते १९९ असेल तर प्रीडायबेटिस, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. उपाशीपोटीची १०० ते १२५ असेल तरी तेच, फक्त काही डॉक्टर आणि आपली सरकारी गाईडलाईन तिथं ११० पासून धरतात, म्हणून १०४ ला एकानं नॉर्मल म्हटलं अन् दुसऱ्यानं नाही असं झालं तर घाबरू नका, दोघांची पट्टी वेगळी आहे.

उपाशीपोटी १२६ किंवा वर, नाहीतर दोन तासांनी २०० किंवा वर, म्हणजे डायबेटिस. त्रास काही नसेल आणि एकच आकडा वर असेल तर डॉक्टर परत एकदा टेस्ट करून पक्कं करतात.

आता समजा दोन तासांची १५२ आली. प्रेग्नन्सीत या आकड्याला शुगर आहे म्हटलं असतं, आता डायबेटिस म्हणणार नाहीत, पण नॉर्मल पण नाही. "डायबेटिस नाही" एवढंच ऐकून घरी येऊ नका. रिपोर्टवर दोन्ही आकडे स्वतः बघा आणि वहीत उतरवून ठेवा.

ओळखीचे सांगतात एचबीए१सी कर, उपाशी राहायची गरज नाही.

ती चांगली टेस्ट आहे, पण दीड महिन्यात तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. ती रक्तातल्या शुगरची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, म्हणजे त्यात प्रेग्नन्सीचे दिवस आले, शिवाय डिलिव्हरीत रक्त गेलेलं असते, त्यानं आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येऊ शकतो. लोहाची कमतरता असेल तर उलट जास्त येऊ शकतो.

आणि आपल्या विदर्भासाठी एक जास्तीची गोष्ट. आपल्याकडे सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, भरपूर आहे. एचबीए१सी ही हिमोग्लोबिनवर अवलंबून असलेली टेस्ट, आणि सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच वेगळं असते. सिकलसेलचा आजार असेल तर हा आकडा कामाचाच नाही, आणि नुसते वाहक असाल तरी काही मशीनवर चुकीचा येऊ शकतो. घरात कोणाला सिकलसेल असेल, तुमचं सिकलचं लाल-पिवळं कार्ड असेल तर लॅबमध्ये अन् डॉक्टरांना आधी सांगा. ही गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली आणि कोणी आपणहून विचारत पण नाही.

घरी ग्लुकोमीटर आहे, त्याच्यावर बघितलं तर नाही चालणार?

रोजची नजर ठेवायला चालते. डायबेटिस आहे की नाही हे ठरवायला नाही, त्यासाठी हाताच्या शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्येच तपासावं लागते. आणि कितीतरी जणींची उपाशीपोटीची शुगर एकदम चांगली असते, ग्लुकोज प्यायल्यावरचीच वाढलेली निघते. घरी सकाळी ९२ बघून खूश झालेली बाई दोन तासांच्या टेस्टमध्ये १७० ची निघू शकते.

डिंकाचे लाडू खायचे की नाही? सासूबाई रोज दोन देतात.

बाळंतिणीचं खाणं पूर्ण बंद करा असं कोणीच म्हणत नाही. दूध पाजायला ताकद लागते, उपाशी राहून चालणारच नाही. डिंक, मेथी, खोबरं, खारीक, तूप, हे सगळं आईनं मायेनं केलेलं असते आणि त्याला नाही म्हणणं जड जाते. पण लाडवात गूळ किती आहे ते बघा. गूळ साखरेपेक्षा चांगला म्हणून शुगरवाल्याला चालतो, ही चुकीची समजूत आहे, गुळानं पण शुगर तेवढीच वाढते. आमच्याकडे दुसऱ्या वेळेस माझ्या आईनं गूळ अगदी बांधण्यापुरता टाकून लिंबाएवढे छोटे लाडू केले, दिवसाला एक, आणि अळिवाची खीर गोडाशिवाय, नुसती दुधात वेलची टाकून. शेपूची भाजी, बाजरीची नाहीतर ज्वारीची भाकर, वरण, अंडी, मासे, जे घरात चालते ते पोटभर. संत्र्याचा सीझन असेल तर संत्रं फोडी करून खा, ज्यूस काढून पिऊ नका, एका ग्लासात तीन-चार संत्री जातात अन् चोथा फेकल्या जाते.

दूध पाजल्यानं शुगर कमी होते हे खरं का?

हो. दूध पाजणाऱ्या आयांना पुढे टाईप २ डायबेटिस होण्याचं प्रमाण कमी दिसलं आहे, आणि जितके जास्त महिने पाजलं तितका जास्त फायदा. पण दूध पाजते म्हणून टेस्ट नको, असं नाही. इन्सुलिन किंवा मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी सुरू असेल तर त्यासाठी दूध तोडायची गरज नसते, हे डॉक्टरांशी बोलून पक्कं करून घ्या, भीतीनं स्वतःच्या मनानं गोळी किंवा पाजणं दोन्हीतलं काही बंद करू नका.

नॉर्मल आली! आता सुटले ना?

त्या दिवसापुरतं हो, आणि आनंदाचीच गोष्ट आहे. पण आता दरवर्षी एकदा करायची, कायमची. लेकराच्या वाढदिवसाच्या महिन्यात करा, विसरणार नाही. पुढच्या वर्षांत नुसती उपाशीपोटीची करायची, एचबीए१सी की परत ग्लुकोज प्यायचं ते डॉक्टर ठरवतील. सोबत बीपी आणि कोलेस्टेरॉल बघून घ्या, या बायकांना पुढे हृदयाचा त्रास होण्याचाही धोका जास्त असते.

एक गोष्ट लक्षात घ्या. आरोग्य केंद्रात शुगरची जी सरसकट तपासणी चालते ती ३० वर्षांवरच्या लोकांची. आपण २४ वर्षांची आई, आपलं नाव त्या यादीत येत नाही. कोणी बोलवणार नाही, आपल्यालाच जाऊन सांगावं लागते की मला प्रेग्नन्सीत शुगर होती, माझी तपासा.

प्रीडायबेटिस निघाला. रडू येऊन राहिलं.

रडून घ्या, पण ही वेळ सगळ्यात कामाची आहे, खरंच. अमेरिकेत डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्राम नावाचा मोठा अभ्यास झाला होता. त्यात आधी प्रेग्नन्सीत शुगर झालेल्या आणि नंतर प्रीडायबेटिस असलेल्या बायका पण होत्या. खाणं-चालणं सुधारून वजन कमी केल्यानं त्यांच्यात डायबेटिस होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, मेटफॉर्मिनच्या गोळीनंही जवळपास तेवढंच. त्यातलं ध्येय काय होतं, तर वजनाच्या ७ टक्के कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं जोरात चालणं. ७० किलोच्या बाईला म्हणजे साधारण ५ किलो. हे जमण्यासारखं आहे. सिझेरियन असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच सुरू करा. अंबाझरी तलावावर जाऊन चालायचं असं काही नाही, कोणाजवळ लेकरू ठेवायला असते, कोणाजवळ नसते. मी गच्चीवर चालायची, संध्याकाळी ऊन उतरल्यावर, दहा-दहा मिनिटं तीन वेळा.

दुसरं मूल पाहिजे आहे, काय करू?

ठरवायच्या आधी शुगर तपासा. आधीच डायबेटिस असेल आणि कळलाच नसेल तर पहिल्या दोन महिन्यांत, बाळाचं हृदय, मणका बनत असताना, जास्त शुगर बाळाला घातक असते, आणि तेव्हा कितीतरी जणींना दिवस राहिले हेच कळलेलं नसते. मला नवव्या आठवड्यात कळलं, पुढचे तीन महिने सोनोग्राफी होईपर्यंत मी कशी काढली ते माझं मला माहीत. लेकरू ठीक निघालं. फोलिक ॲसिड आधीपासून सुरू करा, आणि दिवस राहिल्या राहिल्या पहिल्याच भेटीत शुगर करायला सांगा, सातव्या महिन्याची वाट बघू नका. तोवर पाळणा लांबवण्यासाठी तांबी वगैरे काय योग्य ते त्याच दीड महिन्याच्या भेटीत विचारून घ्या.

माझं लेकरू आता पाच वर्षांचं आहे, मी कधीच टेस्ट केली नाही.

उद्या करा. रागावणार कोणी नाही. खूप तहान, वारंवार लघवी, खाली सारखी खाज, जखम लवकर न भरणं, असं काही होत असेल तर उद्याही नको, आजच.

नागपूरमध्ये कुठे करायची?

जिथं डिलिव्हरी झाली तिथं, नाहीतर कोणत्याही चांगल्या लॅबमध्ये. मेडिकल, मेयो, डागा, मिहानमधलं एम्स, या सगळ्या सरकारी दवाखान्यांत बाळंतिणी जातात, सकाळी लवकर ओपीडीची चिठ्ठी काढा. घराजवळच्या आरोग्य केंद्रात आधी विचारून घ्या ग्लुकोजची टेस्ट होते का. होत नसेल तर कुठं होते ते तेच सांगतील.

फाईल माहेरी राहिली / हरवली. डॉक्टरांना काय सांगू?

फाईलशिवाय पण जा. एवढं सांगितलं तरी पुरे: "मला अमुक साली प्रेग्नन्सीत शुगर होती, इन्सुलिन लागलं होतं किंवा नव्हतं लागलं, डिलिव्हरी अमुक तारखेला झाली, लेकराचं वजन इतकं होतं, त्यानंतर माझी जीटीटी झाली नाही, लिहून द्या." आणि माहेरी फोन करून म्हणा, कपाटात साड्यांच्या खाली बघ, सापडली की सगळ्या पानांचे फोटो पाठव.